मसाजची तंत्रं आणि प्रगत प्रशिक्षण: हातांना नेमकं काय शिकावं लागतं

मसाज थेरपिस्टच्या कानावर रोज पडणारं एक वाक्य ठरलेलं आहे: "अजून जोर लावा." ज्याचा खांदा भरून आलाय त्याला वाटतं, दुखणं जेवढं मोठं तेवढाच दाबही मोठा हवा. नवखा थेरपिस्ट मान डोलावतो, अंगठे आणखी रोवतो, आणि पुढचं काही शिकायची वेळ आली की सगळ्यात आधी 'डीप टिश्यू'चा कोर्स शोधतो. तो कोर्स करण्यात गैर काहीच नाही. पण प्रगत प्रशिक्षण खरं कुठे असतं असं कुणी विचारलं, तर माझं उत्तर आहे: तपासण्यात आणि मात्रा ठरवण्यात. हाताखाली आत्ता काय आहे, स्नायू की कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) की सांधा? त्याला किती दाब, किती वेळ, कोणत्या दिशेने? आणि आज इथे हात लावायचा की नाही?

हे नीट कळायला आधी पायाभूत 'हात', म्हणजे मसाजच्या मूळ हालचाली, समजून घेऊ.

जगभरच्या मसाज शाळांत पहिल्यांदा शिकवतात तो 'स्वीडिश मसाज'. त्याचं श्रेय बहुतेक वेळा स्वीडनच्या पेर हेन्रिक लिंग यांना दिलं जातं. लिंग यांनी 1813 मध्ये स्टॉकहोममध्ये व्यायामविद्येची संस्था उभारली आणि उपचारासाठी व्यायाम पद्धतशीर शिकवायला सुरुवात केली, हे खरं. मात्र आज शिकवल्या जाणाऱ्या हातांची वर्गवारी आणि त्यांची फ्रेंच नावं रूढ केली ती डच डॉक्टर योहान गेओर्ग मेझगर यांनी, एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. तळहात टेकवून लांबवर फिरवायचा तो एफ्लुराज, स्नायू उचलून मळायचा तो पेट्रिसाज, एका जागी खोल घासायचं ते फ्रिक्शन, आणि हाताच्या कडेने किंवा ओंजळीने थापट्या मारायच्या ते टॅपोटमेंट. यात कंपन मिळवलं की पाच हात झाले. पुढची जवळजवळ सगळी तंत्रं या पाचांच्या वेगात, कोनात आणि खोलीत फरक करूनच येतात.

यातला पेट्रिसाज जरा जवळून बघू. मान आणि खांदा यांच्या मधला जाड स्नायू, ट्रॅपेझियसचा वरचा भाग, अंगठा आणि चार बोटांच्या चिमटीत येतो. नवशिका तो बोटांच्या टोकांनी पकडतो. मग नखं टोचतात, कातडी ओढली जाते आणि समोरचा माणूस खांदा कानाकडे उचलतो. सरावलेला हात तीच पकड बोटांच्या पेरांनी आणि तळव्याने घेतो, स्नायू हाडापासून किंचित वर उचलतो, थोडा फिरवतो आणि सोडतो. हे सोडणं महत्त्वाचं आहे. दाबाइतकाच वेळ सोडण्याला दिला की पुढच्या पकडीत स्नायू आपणहून मऊ लागतो. सोडलं नाही, तर तो हाताशी झुंजत राहतो. उत्तम प्रशिक्षक तासन्‌तास एवढ्या एकाच गोष्टीवर काम करून घेतात आणि शिकणाऱ्याला त्याचा कंटाळा येतो. तरीही ते सोडू नये, कारण पुढच्या प्रत्येक तंत्रात हाच ताल लागतो.

आता हातांच्या खाली शरीरात काय घडतं ते. इथे गैरसमजांचं रान माजलेलं आहे आणि ते साफ करणं हे प्रगत शिक्षणाचं पहिलं काम आहे.

'मसाजने साचलेलं लॅक्टिक ॲसिड निघून जातं' हे वाक्य आजही क्लासमध्ये ऐकू येतं. व्यायामानंतर वाढलेलं लॅक्टेट (शरीरात हे ॲसिड याच रूपात असतं) शरीर स्वतःच साधारण तासाभरात वापरून टाकतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे अंग ठणकतं त्याचा लॅक्टेटशी संबंध नाही. सवय नसलेल्या श्रमाने स्नायूंच्या तंतूंना झालेली सूक्ष्म इजा आणि त्यातून आलेला दाह हे त्याचं कारण. 2012 मध्ये कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या संशोधकांनी दमवून टाकणाऱ्या व्यायामानंतर एका पायाला मसाज दिला, दुसऱ्याला दिला नाही, आणि दोन्ही पायांतल्या स्नायूंचे बारीक तुकडे तपासले. लॅक्टेटमध्ये फरक दिसला नाही. मसाज दिलेल्या पायात मात्र दाहाचे संकेत कमी झालेले दिसले. अभ्यास लहान होता, पण दिशा दाखवणारा होता.

दुसरा लाडका समज म्हणजे 'फॅशिया मोकळा करणं'. फॅशिया म्हणजे स्नायूंना गुंडाळणारं चिवट वेष्टण. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा किंवा तळपायाचा फॅशिया इतका दणकट असतो की त्याचा आकार एक टक्का बदलायलाही माणसाच्या हातांच्या आवाक्याबाहेरचा जोर लागेल, असं 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने दाखवलं. मग मायोफॅशियल रिलीज, म्हणजे हा फॅशिया मोकळा करण्यासाठी दिला जाणारा मसाज, घेतल्यावर माणसाला मोकळं का वाटतं? बहुधा मज्जासंस्थेमुळे. कातडीत आणि तिच्याखालच्या थरांत दाब, ताण आणि स्पर्श ओळखणारे असंख्य संवेदक आहेत. संथ, टिकून राहिलेला ताण त्यांना मिळाला की त्या भागाला धोका नाही असा संदेश मेंदूकडे जातो आणि स्नायूंचा ताण उतरतो. म्हणजे अनुभव खरा आहे, त्याचं दिलं जाणारं स्पष्टीकरण तेवढं जुनं झालंय. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो. आपण चिवट पडदा ताणतोय असं मानणारा थेरपिस्ट जोर वाढवत नेतो. आपण मज्जासंस्थेशी बोलतोय हे ज्याला कळलंय, तो थांबतो, वाट पाहतो आणि समोरच्याच्या श्वासाकडे लक्ष देतो.

दुखणं कमी होण्यामागेही हीच यंत्रणा आहे. 1965 मध्ये रोनाल्ड मेल्झॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी मांडलं की मज्जारज्जूत वेदनेच्या संदेशाला एक प्रकारचं फाटक असतं आणि स्पर्शाचे संदेश ते फाटक काही अंशी लावून घेतात. ठेच लागल्यावर आपण नकळत पाय चोळतो ते यामुळेच. पुढे असंही आढळलं की केसाळ त्वचेत सी-टॅक्टाइल नावाचे खास मज्जातंतू असतात आणि ते साधारण सेकंदाला 1 ते 10 सेंटिमीटर वेगाने फिरणाऱ्या हळुवार स्पर्शाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतात. झोप येत नाही म्हणून आलेल्या माणसाच्या पाठीवर भराभर हात फिरवणारा थेरपिस्ट आपल्या हातातलं सगळ्यात चांगलं साधन वाया घालवत असतो.

हे लक्षात घेऊन प्रगत तंत्रांकडे पाहिलं की त्यांचा अर्थ बदलतो.

डीप टिश्यूमध्ये 'डीप' म्हणजे खोल थर. जोर किती ते त्यावरून ठरत नाही. आधी वरचे थर सैल करायचे, मग कोपर, मूठ किंवा हाताचा पुढचा भाग तिरका ठेवून, तेल अगदी कमी घेऊन, हळूहळू सरकायचं. सरळ खाली खुपसलेला दाब हाडावर जाऊन बसतो. तिरका दाब स्नायूंच्या तंतूंबरोबर जातो. वेग एवढा कमी की बाहेरून पाहणाऱ्याला वाटावं, हात हललाच नाही. समोरच्याला दहापैकी किती दुखतंय ते विचारायचं आणि सहा-सातच्या वर जाऊ द्यायचं नाही. आकड्यावर मात्र पूर्ण विसंबू नये. माणसं भिडेखातर "चालेल, चालेल" म्हणतात. श्वास रोखला जातोय का, मुठी वळल्यात का, पायाची बोटं आखडलीत का, हे बघावं. शरीर आखडलं की दाब जास्त झालाच म्हणून समजावं. खूप जोरकस मसाजनंतर स्नायूंचे तंतू तुटून त्यांतली द्रव्यं रक्तात उतरल्याची आणि मूत्रपिंडांवर ताण आल्याची प्रकरणं वैद्यकीय नियतकालिकांत नोंदली गेली आहेत. असं क्वचित होतं, पण होतं.

ट्रिगर पॉइंटची कल्पना लोकप्रिय केली ती अमेरिकेच्या डॉक्टर जॅनेट ट्रॅव्हेल यांनी. जॉन केनेडी राष्ट्राध्यक्ष असताना त्या त्यांच्या डॉक्टर होत्या. स्नायूतला एक ताणलेला, दाबल्यावर चटकन कळ येणारा बिंदू दूर कुठेतरी दुखणं पाठवतो, असं हे निरीक्षण. ट्रॅपेझियसच्या वरच्या भागातला बिंदू दाबला की कानाच्या मागून कपाळाच्या बाजूपर्यंत कळ जाते. हे करून पाहिलेल्या कुणालाही पटेल. मात्र एकाच माणसाला दोन तज्ज्ञांनी तपासलं तर त्यांना ते बिंदू एकाच जागी सापडतीलच असं नाही, आणि हे बिंदू नेमके कशाने तयार होतात यावर अजून वाद आहे. मला वाटतं तंत्र शिकावं, पण स्नायूत 'गाठी' आहेत आणि आपण त्या फोडतोय असं समोरच्याला सांगू नये. अशा बोलण्याने माणूस आपल्या शरीराला बिघडलेलं यंत्र समजू लागतो आणि आणखी घाबरतो.

ब्रिटनचे डॉक्टर जेम्स सिरिअक्स यांचं आडवं घर्षण, म्हणजे तंतूंना आडवं घासायचं तंत्र, आता पूर्वीइतकं वापरात नाही, कारण त्याच्या बाजूचा पुरावा तुटपुंजा आहे. पण सिरिअक्स यांची दुसरी देणगी, तपासण्याची पद्धत, प्रत्येक थेरपिस्टने आत्मसात करावी अशी आहे.

समजा कुणी खांदा दुखतो म्हणून आलं. आधी म्हणायचं, हात स्वतःहून वर करा. मग तोच हात त्यांनी सैल सोडायचा आणि थेरपिस्टने उचलायचा. शेवटी हात जागेवरच ठेवून त्यांनी ढकलायचं आणि थेरपिस्टने अडवायचं. स्वतः उचलताना दुखलं, थेरपिस्टने उचलला तेव्हा हात पूर्ण गेला आणि अडवल्यावर पुन्हा दुखलं, तर बोट स्नायूकडे किंवा कंडरेकडे जातं. दोन्ही प्रकारे हात सारखाच अडला, आणि कोपर अंगाशी ठेवून हात बाहेरच्या बाजूला फिरवताना तर फारच अडला, तर सांध्याचं वेष्टण आखडलं असण्याची शक्यता, म्हणजे फ्रोझन शोल्डर. तिथे स्नायू कितीही मळले तरी सांधा मोकळा होणार नाही. त्या माणसाला डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टकडे पाठवायला हवं. आणि खांद्याच्या कोणत्याच हालचालीने दुखणं कमी-जास्त होत नसेल तर अधिक सावध व्हावं. पित्ताशयाचं दुखणं उजव्या खांद्यात जाणवू शकतं, हृदयाचं डाव्या खांद्यात आणि हातात. सोबत घाम, धाप किंवा छातीत दडपण असेल तर मसाजचं टेबल बाजूला आणि तातडीची वैद्यकीय मदत आधी.

ही तपासणी करायला पाच मिनिटं लागतात. पण प्राथमिक कोर्समध्ये ती बहुतेकदा उरकली जाते, कारण सगळ्यांना 'हात' शिकायचे असतात.

कधी हात लावायचा नाही

माझ्या मते प्रगत कोर्सची किंमत या एका प्रकरणावर ठरावी. ताप, त्वचेचा पसरणारा संसर्ग, ताजं फ्रॅक्चर, उघडी जखम ही यादी कुणीही पाठ करेल. अवघड असतं ते दिसायला साधं असलेलं धोक्याचं लक्षण ओळखणं.

एकाच पायाची पोटरी दुखतेय, ती दुसरीपेक्षा जाड दिसते, हाताला कोमट लागते, आणि माणूस नुकताच लांबचा प्रवास करून आलाय, किंवा शस्त्रक्रियेनंतर अंथरुणात होता, किंवा ती स्त्री गरोदर आहे. "पेटका आलाय, जरा चोळून द्या," असं म्हणून ही माणसं येतात. आत खोल शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि चोळल्याने ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीवावर बेतू शकतं. इथे हळू मसाज, वरवरचा मसाज असला मधला मार्ग नाही. त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं. तसंच कंबरदुखीबरोबर जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरता आली असेल, लघवी-शौचावरचा ताबा गेला असेल, तर मणक्याच्या तळाच्या मज्जातंतूंवर दाब आल्याची ती खूण असू शकते; तिथे तास मोजले जातात. रात्री झोपेतून उठवणारं दुखणं आणि कारणाशिवाय उतरलेलं वजन यांचीही विचारपूस करावी.

काही जागा निरोगी माणसातही जपायच्या असतात. गळ्याची पुढची बाजू, काख, जांघ आणि गुडघ्याची खळगी इथे मोठ्या रक्तवाहिन्या आणि मज्जातंतू त्वचेच्या जवळून जातात. गळ्याच्या बाजूला जोरात दाबलं तर नाडी आणि रक्तदाब उतरून माणसाला चक्कर येऊ शकते. रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर साध्या दाबानेही काळे-निळे डाग पडतात, म्हणून औषधांची विचारपूस मसाजच्या आधीच करायची.

जिथे हलका हातच सगळ्यात अवघड

कमी दाबाचं तंत्र शिकायला जास्त वेळ लागतो, हे बऱ्याच थेरपिस्टना पटत नाही. लसिका निचऱ्याचं तंत्र, म्हणजे मॅन्युअल लिम्फ ड्रेनेज, हे त्याचं उत्तम उदाहरण. डेन्मार्कच्या एमिल आणि एस्ट्रिड वोडर या दांपत्याने ते 1930 च्या दशकात विकसित केलं. स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेत काखेतल्या लसिका ग्रंथी काढल्यावर अनेक स्त्रियांच्या हाताला सूज येते. पेशींभोवतीचा द्रव, म्हणजेच लसिका, परत नेणाऱ्या नाजूक नळ्यांचा पुढचा रस्ताच बंद झालेला असतो. या नळ्या त्वचेच्या अगदी खाली असतात आणि जोरात दाबलं की मिटतात. म्हणून तेल लावायचं नाही, हात सरकवायचा नाही. तळहात टेकवून फक्त त्वचा अर्धवर्तुळात हलकेच ताणायची आणि पूर्ण सोडायची. तेच पुन्हा, त्याच जागी, काही वेळा. आणि सुरुवात सुजलेल्या हातापासून नाही तर मानेपासून, कारण सगळी लसिका शेवटी गळपट्टीच्या हाडामागे शिरेत रिकामी होते. वाहतूक अडली की पुढची गाडी हलल्याशिवाय मागची हलत नाही, तसंच हे. मग छाती-पाठ, मग दंड, आणि शेवटी मनगट. सोबत दाबपट्ट्या, व्यायाम आणि त्वचेची निगा असते. नुसता निचरा पुरत नाही. या संपूर्ण उपचाराच्या प्रमाणपत्रासाठी उत्तर अमेरिकेत 135 तासांचं प्रशिक्षण मागितलं जातं आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष सरावाचा असतो. हृदयाचं कार्य मंदावलेल्या माणसाला हाच हलका मसाज धोक्याचा ठरू शकतो, कारण परत आलेला द्रव शेवटी हृदयालाच पेलावा लागतो.

कर्करोग झालेल्या माणसाला मसाज अजिबात द्यायचा नाही, असं पूर्वी सरसकट सांगायचे. गाठ पसरेल ही भीती होती. त्या भीतीला आधार मिळाला नाही. आता थेरपिस्ट प्लेटलेट्सची संख्या, हाडांत पसरलेला आजार, किरणोपचार झालेली त्वचा आणि औषध देण्यासाठी त्वचेखाली बसवलेलं पोर्ट हे सगळं विचारून दाब आणि जागा ठरवतात. प्रत्यक्षात कधी कधी पाऊण तास फक्त पावलं आणि हात धरून काम होतं, आणि तेवढ्यानेही झोप लागते.

अपुऱ्या दिवसांच्या बाळांची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. 1986 मध्ये टिफनी फील्ड आणि सहकाऱ्यांनी अशा बाळांना दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं मसाज आणि हातापायांच्या हालचाली दिल्या. दहा दिवसांत त्या बाळांचं वजन रोज इतरांपेक्षा 47 टक्के जास्त वाढलं. पुढच्या कामात दिसलं की फार हलका हात उपयोगी पडत नाही, मध्यम दाबच लागतो. नुसत्या हलक्या स्पर्शाने बाळं गुदगुल्या झाल्यासारखी अस्वस्थ होतात. म्हणजे नाजूक शरीर दिसलं की हात हलका ठेवायचा, हा अंदाजही तपासून बघावा लागतो.

थेरपिस्टच्या अंगठ्याचं काय

या व्यवसायातून माणसं बाहेर पडतात त्याचं एक मोठं कारण हातांचं दुखणं असतं, विशेषतः अंगठ्याच्या बुडाचा सांधा. म्हणून कोणत्याही चांगल्या प्रगत कोर्समध्ये उभं राहायला नव्याने शिकवतात. एक पाय पुढे, एक मागे, पाठ सरळ. जोर खांद्यातून न आणता मागच्या पायातून पुढे झुकून आणायचा. मनगट आणि अंगठा एका रेषेत, वाकडे नाहीत. टेबलाची उंची अशी की हात सैल सोडून उभं राहिलं की बोटांची पेरं टेबलाला जेमतेम लागावीत. खोल दाबाचं काम असेल तर आणखी थोडं खाली. जिथे कोपर चालतं तिथे अंगठा वापरायचा नाही. अंगठा राखून ठेवायचा तो दुखरी जागा शोधण्यासाठी.

कोर्स निवडताना तासांचा आकडा बघावा, पण त्यावरच थांबू नये. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत परवान्यासाठी 500 ते 1000 तास शिकावं लागतं. कॅनडाच्या ऑन्टॅरिओत हा साधारण दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्याच्या पुढचं शिक्षण शनिवार-रविवारच्या कार्यशाळांपासून वर्षभराच्या वर्गांपर्यंत काहीही असू शकतं. शिकवणाऱ्याला सरळ विचारावं: प्रत्यक्ष सराव किती? एका प्रशिक्षकामागे विद्यार्थी किती? माझ्या हाताखाली प्रशिक्षक स्वतः झोपून दाब, वेग आणि कोन याबद्दल सांगणार का? परीक्षेत 'या माणसाला मसाज देऊ नका' हे बरोबर उत्तर असलेला एक तरी प्रश्न असतो का? तंत्रामागचं स्पष्टीकरण शेवटचं कधी बदललं? या शेवटच्या प्रश्नावर जो प्रशिक्षक उत्साहाने बोलू लागतो, त्याच्या वर्गात जावं.